एक जून

31 मे ला आमच्या तालुक्यात निरोप समारंभांची दाटी असते. एकाच मंडपात सहा-सात शिक्षक एकदम निवृत्त होतात, शाली कमी पडतात, नारळवाल्याची चंगळ होते. कारण आमच्या पिढीतल्या निम्म्या मास्तरांचा जन्म कागदोपत्री 1 जूनचा. माझाही. आई म्हणायची, तू कार्तिकातली, घरात कापूस येत होता तेव्हाची. पण दाखल्यावर 1 जून, म्हणून सेवापुस्तकात 1 जून आणि आता पेन्शनच्या कागदावरही 1 जून. बँकेचा शुभेच्छांचा मेसेज त्याच दिवशी येतो. व्हॉट्सॲपवर केकची चित्रं फिरतात, कोणीतरी हमखास लिहितं, ‘आज अख्ख्या महाराष्ट्राचा वाढदिवस.’ सगळे हसतात. मीही पुष्कळ वर्षं हसत आले.

ही तारीख कशी पडते ते नव्या पिढीला सांगायला हवं. पोराचं नाव घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख माहीत नसायची. मास्तर पोराला म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घे, डावा कान धर. कान हाताला लागला की पोरगं सहाचं झालं. मग चालू सालातून सहा वजा करायचे आणि पुढं 1 जून लिहायचं. आमच्या विदर्भात उन्हामुळं शाळा उघडते 26 जूनच्या आसपास, पण तारीख मात्र 1 जूनच. दाखल-खारीज रजिस्टरची जुनी पानं काढून पाहा, एकाखाली एक 1 जून, जणू सगळं गाव एकाच पहाटे बाळंत झालं.

मी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडं एका पोडावर अकरा वर्षं शिकवलं. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींची सरकारी नोंद आदिवासींमधल्याही सर्वांत मागं राहिलेल्या जमाती म्हणून आहे. कोलामांची भाषा कोलामी. ती तेलुगू-गोंडीच्या कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. अकरा वर्षांत मी ती शिकले नाही. पोरं दुसरीत जाईपर्यंत मराठी बोलायला लागत आणि मला वाटे, माझं काम झालं.

2006 च्या जूनच्या अखेरीस एक बाई मुलीला घेऊन नाव टाकायला आली. मुलगी बारकी होती, कान काही हाताला लागेना. मी तारीख विचारली. बाई बरंच काही बोलली, हातानं दाखवत, थांबून थांबून, अर्धं कोलामीत, अर्धं मोडक्या वऱ्हाडीत. मला एवढंच आठवतं की ती दोनदा एकच काहीतरी सांगत होती. बाहेर खिचडीचा तांदूळ उतरत होता, गाडीवाला हाका मारत होता आणि पटावर एक नाव वाढलं तर मला हवंच होतं. 2006 वजा सहा. 1 जून 2000.

एका ओळीचं काम.

2017 ला निवृत्त झाले. घरात बसवेना म्हणून एका लहानशा संस्थेत जायला लागले. संस्था म्हणजे काय, भाड्याच्या दोन खोल्या, एक ताई, एक वकीलभाऊ आणि चार जुन्या खुर्च्या. झरी-जामणी, मारेगाव या पट्ट्यातल्या कुमारी मातांबद्दल पेपरांत पुष्कळ छापून आलं, वाचणाऱ्यांना आठवत असेल. ताईंचं काम तिथून सुरू झालं. ठेकेदार, ड्रायव्हर, कोण कोण येऊन पोरींना फसवून गेलेले. त्या मुलींसोबत फिरता फिरता ताईंच्या लक्षात आलं की काही घरांतून मुली नाहीशाच झाल्यात आणि विचारलं तर घरचे म्हणतात, ‘लग्न झालं तिचं. तिकडं, लांब.’

कुठं? तर ‘एमपीत.’ नाहीतर ‘राजस्थानात.’ नाहीतर नुसतं ‘वर.’

तस्करी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं रात्र, काळ्या काचांची गाडी, तोंडावर रुमाल असं काहीतरी येतं. मी पाहिलेल्या प्रकरणांत असलं काही नव्हतं. दिवसाढवळ्या ओट्यावर बसून, चहा पिऊन ठरलेल्या गोष्टी होत्या. ठरवणारी बहुतेक बाईच, ओळखीची, कधी नात्यातली. पोरी तिला मावशी म्हणतात. ती ‘स्थळ’ आणते. हुंडा नको, मानपान नको, लग्नाचा खर्च तेच करतील, वर तुम्हालाही काही देतील. आदिवासींत मुलाकडून देज द्यायची रीत जुनी आहे, त्यामुळं मुलीच्या बापाच्या हातात पैसे पडले तर कोणाला वावगं वाटत नाही. दलालानं ही रीत बरोबर हेरलेली असते. कापूस हाती यायच्या आधीचे दिवस, उधारी थकलेली, दवाखाना निघालेला, त्याच सुमारास मावशी ओट्यावर येते. आणि तिकडच्या टोकाला काय आहे? मुली पोटातच मारल्या गेल्या, त्याचा हिशोब. 2011 च्या जनगणनेत हरियाणात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं 834 मुली होत्या, राजस्थानात 888. आपल्या महाराष्ट्रातही 894 च, तेव्हा फार नाक वर करायला नको. ज्या गावांत नवऱ्यांना बायका मिळत नाहीत, तिथं त्या बाहेरून येतात. हरियाणाकडं अशा बायकांना नावच आहे, ‘मोलकी’. मोल देऊन आणलेली.

2018 ची दिवाळी आटोपली आणि माझ्या पोडावरची ती बारकी मुलगी ‘वर’ गेली. तिचं नाव मी लिहिणार नाही, कायद्यानंही लिहिता येत नाही. पोडाचं नावही नको. मावशीनं तिला, बापाला आणि एका मामाला महामार्गावरून ट्रॅव्हल्समध्ये बसवलं. नागपुरात एका देवळात हार घातले, फोटो काढले. बापाला वीस हजार मिळाले. तो परत आला, दुकानाची उधारी फेडली. दोन महिने कोणी काही बोललं नाही.

जानेवारीत फोन आला. शेजारणीचा मोबाइल मागून, सासरच्या माणसांसमोरच बसून ती मामाशी बोलली, कोलामीत. त्या घराला मराठी कळली नसती तरी ‘मार’, ‘पैसे’, ‘पोलीस’ हे शब्द कळले असते. कोलामीतलं काहीच कळलं नाही, आणि हसत हसत बोलत होती म्हणे. तिनं सांगितलं, मला विकत आणलंय, सव्वा लाखाला, घरात तीन भाऊ आहेत. गावाचं नाव विचारलं तर तेही तिला पक्कं ठाऊक होतं. तिथल्या सरकारी शाळेच्या भिंतीवर गाव, तहसील, जिला, सगळं रंगवलेलं असतं. पाणी भरायला जाताना ती ते रोज वाचायची.

मामा ताईंकडं आला. ताई आणि मी मुलीच्या आईला घेऊन ठाण्यात गेलो.

ठाण्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, दुसऱ्या ठाण्यात वेगळं घडलं असतं असं मला वाटत नाही. जमादार वाईट माणूस नव्हता. त्यानं आईला बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाला, ‘बापानं लग्न लावून देल्लं न? मंग मिसिंग कशी?’ मग आधार कार्ड मागितलं. उलटसुलट पाहिलं. ‘हे पाहा मॅडम, 1 जून 2000. पोरगी सज्ञान आहे. मर्जीनं गेली.’

मुलगी अठराच्या आतली असती तर हरवल्याचं कळताच अपहरणाचा गुन्हा दाखल करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्येच ते बजावलंय. अठराच्या वरची असली तर नुसती ‘मिसिंग’ची नोंद, आणि ती वहीत पडून राहते. हे मला माहीत होतं. त्या आधार कार्डावरची तारीख कुठून आली हेही माहीत होतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून. आणि दाखल्यावर कुठून आली?

आई माझ्याकडं पाहत नव्हती. जमादाराला सांगत होती, ‘अठरा नाई झाले साहेब. पोळ्याच्या कराले झाली थे. मालकाच्या घरी टीव्हीत गुजरातमंदली घरं पडेल दाखवत होते, त्याच साली.’ मग माझ्याकडं वळून, रागानं नाही, साधंच, जशी भाजीचा भाव सांगते तशी म्हणाली, ‘बाई, तुमाले सांगतलं होतं न मी. नाव टाकाले आल्ती तवाच.’

भूकंप जानेवारी 2001 चा. पोळा ऑगस्टात. म्हणजे दिवाळीत तिला सतरा वर्षं आणि जवळजवळ तीन महिने झाले होते.

जिल्ह्याच्या ठिकाणी दोन खेपा घातल्यावर गुन्हा दाखल झाला. गाडीचं भाडं आणि डिझेल कोण देणार, यावर आणखी आठवडा गेला. आईनं दोन बकऱ्या विकल्या, उरलेलं संस्थेनं भरलं. एक जमादार, एक महिला शिपाई, ताई आणि मी, असे फेब्रुवारीत निघालो. सोडवून आणलं कसं, ते फार सांगण्यासारखं नाही. तिथल्या ठाण्यात नोंद, तिथलाच एक शिपाई सोबत, दारात जमलेल्या बायका, ‘मोल दिया है, ऐसे कैसे ले जाओगे’ म्हणून ओरडणारी एक म्हातारी, आणि वीस मिनिटांत सगळं आटोपलं. पेपरात त्याला ‘सुटका’ म्हणतात आणि बातमी तिथंच संपते. मुलगी बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर त्यांच्याकडचा घागरा होता आणि पायांत काही नव्हतं. मला पाहून तिनं विचारलं, ‘बाई, तुमी?’ चौथीनंतर आम्ही आत्ता भेटत होतो.

गाडीत ती इटारसीपर्यंत झोपून होती. बैतूल गेलं, मुलताई गेली. पांढुर्ण्याला चहाला थांबलो. पांढुर्णा मध्य प्रदेशात, पण माणसं आपलीच बोलतात. टपरीवाला तिला म्हणाला, ‘घे न वो बाई, गरम हाय.’ तिनं कप हातात घेतला आणि त्याच्याकडं पाहतच राहिली. मग रडली, पहिल्यांदा. चहावाला बिचारा घाबरून आमच्याकडं पाहायला लागला, आपलं काय चुकलं म्हणून.

खरं प्रकरण त्यानंतर सुरू झालं.

वयाचा कागद हे कायद्याचं दार आहे, हे मी तोवर नुसतं ऐकून होते. बाल न्याय कायद्याच्या, म्हणजे 2015 च्या कायद्याच्या 94 व्या कलमात वय ठरवायचा क्रम दिलाय. आधी शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा बोर्डाचं. ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची तपासणी. आईचं सांगणं या यादीत कुठंच नाही. जिनं जन्म दिला तिच्या शब्दाहून माझ्या हातची एक ओळ वर. आणि त्या ओळीवर काय काय टांगलेलं होतं पाहा. अठराच्या आत असेल तर बालविवाह, पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदा, बालकल्याण समिती. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2017 च्या निकालानंतर अठराखालच्या बायकोशी केलेला संबंधही बलात्कार ठरतो. पण एक दिवसानं जरी अठराच्या वर असेल, तर तो ‘नवरा’, आणि नवऱ्यावर तो गुन्हाच लागत नाही. तोच माणूस, तेच घर, त्याच रात्री.

आम्ही कागद शोधत फिरलो. बाळंतपण पोडावरच झालेलं, ग्रामसेवकाकडं नोंद नाही. अंगणवाडीचं त्या सालचं वजनाचं रजिस्टर उंदरांनी खाल्लेलं. उपकेंद्रातल्या सिस्टरनं मात्र कपाटाच्या तळातून एक लसीकरणाची वही काढून दिली. त्यात पोडाचं नाव, ऑक्टोबर 2001, बीसीजी, आणि नावाच्या रकान्यात ‘बाळ (मुलगी)’. आईचं नाव शाई पसरून गेलेलं. मी ती वही छातीशी धरून घरी आणली होती. वकीलभाऊंनी पाहिली आणि म्हणाले, ‘हे कोणाचंही बाळ असू शकतं, मॅडम.’ हाडांच्या तपासणीतही 17 ते 19 असं आलं. त्या तपासणीत वर्ष-दोन वर्षं इकडंतिकडं होतातच.

सरकारी वकिलांनी मला साक्षीला बोलावलं. मी खरं सांगायचं होतं, की तारीख अंदाजे लिहिली. सांगितलं. मग आरोपीचे वकील उठले. तरुण होते, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचे, आवाजही फार सभ्य. त्यांनी रजिस्टरचं ते पान माझ्यापुढं धरलं.

‘या पानावर चौदा मुलं आहेत. 1 जून किती जणांचा?’

मी मोजले. अकरा.

‘ही सगळी तुम्हीच लिहिली?’

‘हो.’

‘म्हणजे तुम्ही शासकीय दस्तऐवजात अकरा खोट्या तारखा लिहिल्या. तेव्हा खोटं लिहिलंत की आज खोटं सांगताय?’

न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं, पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. मी म्हणाले, ‘तेव्हा मला तिच्या आईचं बोलणं समजलं नाही.’ लघुलेखकानं ते टाइप केलं. बाकावर मुलीची आई बसली होती. मला वाटत होतं तिनं निदान रागानं पाहावं. ती पदराच्या गाठीत बसचं तिकीट बांधत होती, परतीचं भाडं संस्थेकडून घ्यायला ते दाखवावं लागतं म्हणून.

पोक्सो टिकला नाही. दंड संहितेतलं मानवी तस्करीचं 370 कलम राहिलं, कारण त्यात पीडितेची संमती होती की नव्हती याला अर्थच नाही, आणि ते वयावर अडून बसत नाही. आता नव्या भारतीय न्याय संहितेत त्याचा 143 क्रमांक झालाय. खटला अजून चालू आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मुलगी कागदावर सज्ञान, म्हणून बालगृहात नाही, मोठ्या बायकांच्या स्वाधारगृहात गेली. तिथं तिला शिलाई मशीन मिळालं. हे एक मला आजवर कळलेलं नाही. मुलगी कुठूनही आणा, कोणत्याही वयाची, कसल्याही मारातून उठलेली, पुनर्वसन म्हणजे शिलाई मशीन! तालुक्यात ब्लाउज शिवणाऱ्या किती लागतात हो? हिला तर सुईचा मनस्वी कंटाळा. मशीनवर ती कपडे वाळत घालायची. तिनं एकदा ताईंना सांगितलं की तिला दहावी करायची आहे. का, तर तिकडं त्या घरात तिघा भावांत कोणालाच धड वाचता येत नव्हतं, लाइटबिल सुद्धा हिनंच वाचून दाखवायचं. ‘मले त्यायच्यापेक्षा जास्त येत होतं,’ ती म्हणाली. एवढंच.

पोडावर परतल्यावर बायका तिला ‘कोठी होती’ विचारत नव्हत्या, याचंच मला कौतुक वाटलं. शहरात तिला जन्मभर विचारलं असतं. बाप मात्र सहा महिने तिच्यासमोर जेवला नाही. तिला तो नको होता की त्याला ती सोसवत नव्हती, मी विचारलं नाही.

दहावीला बाहेरून बसायचा 17 नंबरचा फॉर्म भरला. गणितात मी तिला शिकवत होते, आणि माझ्या शिकवण्याचा लौकिक पाहता ती त्यातच नापास झाली. पुरवणी परीक्षेत 2022 ला सुटली. बोर्डाचं प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा तिनं ते वाचून बाजूला ठेवलं. त्यावर छापलं होतं, 1 जून 2000. आता तर पक्कंच झालं. मी म्हणाले, आपण प्रतिज्ञापत्र करू, शिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज करू, मी लिहून देते माझी चूक होती म्हणून. ती म्हणाली, ‘राहू द्या बाई. कोर्टात एक तारीख अन् बोर्डात दुसरी झाली, तर थो वकील मलेच खोटं पाडन.’

ती आमच्या खोल्यांतच बसते आता, संस्थेच्या कामाला. मानधन थोडं, पण वेळेवर.

आजकाल बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, जन्मदाखले असतात, त्यामुळं 1 जूनवाले कमी होत चालले. तरी राहतातच काही. वीटभट्टीवर झालेली, मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या बायांची वाटेत झालेली. जूनच्या शेवटी, शाळा उघडायच्या आठवड्यात, आम्ही दोघी पोडापोडांवर जातो. मी वही घेऊन जाते, सोबत पंचांग आणि जुनी कॅलेंडरं. ती आयांजवळ जमिनीवर बसते आणि विचारते.

परवा एक बाई फार वेळ बोलत होती. पाऊस भुरभुरत होता, सगळे समाजमंदिराच्या ओसरीत. बाईनं हातानं काहीतरी उंची दाखवली, मग आभाळाकडं बोट केलं, मग दोघी हसल्या. मला त्यातलं अजूनही काही समजत नाही. मी पेन उघडून बसले होते. 

‘काय म्हणते?’ मी विचारलं.

‘थांबा न बाई,’ ती म्हणाली, ‘सांगू द्या तिले पुरतं.’